विसाव्याचा वाटा



गेले अडीच महिने आमचे हे सदर आले नाही. काहींनी विचारपूस केली, काहींनी काळजीही केली. वाडीतल्या एका मावशींनी तर थेट आमच्या मुलीलाच विचारले, "आईबाबा दवाखान्यात आहेत का गं?" मुलीनेही उत्तर द्यायला जरा आढेवेढे घेतले. कारण खरे सांगायची तिला लाज वाटत होती, आणि आम्हालाही. आम्ही दवाखान्यात नव्हतो. कुणाच्या लग्नाला गेलो नव्हतो की गावच्या जमिनीच्या तंट्याला नव्हतो. आम्ही विसावा घ्यायला गेलो होतो.

आम्ही म्हणजे आम्ही नवराबायको. हे सदर आम्ही दोघे मिळून लिहितो हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. कागदावर उतरवते ती बाई, आणि चुका काढतात ते यजमान. यजमान वयाच्या अठराव्या वर्षी गिरणीच्या त्रासन खात्यात लागले. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, पण कापसाची धूळ छातीत राहिली. पुढची वर्षे वॉचमनकीत गेली. बाईने इस्पितळात आयाची नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाली. दोघांच्या मिळून साठ-पासष्ट वर्षांच्या नोकरीत आम्ही हवापालटासाठी म्हणून कुठे गेलो असू, तर एकदाही नाही.

तसे पाहिले तर समुद्र आमच्या दारातलाच. पण आमचा त्याच्याशी संबंध ६ डिसेंबरपुरता. चैत्यभूमीच्या रांगेत रात्र काढायची, अभिवादन करायचे, पहाटे दादरच्या वाळूत पाच मिनिटे टेकायचे आणि कामावर पळायचे. समुद्राकडे तोंड करून नुसते बसायचे असते, हे कुणी आम्हाला सांगितले नव्हते.

झाले असे की मुंबईच्या हिवाळ्यात यजमानांची छाती दर साली जास्तच भरू लागली. डिसेंबर-जानेवारीत वारा पडतो, धूर आणि धूळ खालीच कोंडून राहतात. डॉक्टर म्हणाले, "या दोन महिन्यांत कुठे मोकळ्या हवेत जाता येईल का? थंड जागी नको." गाव घाटावरचे. तिथे थंडी कडाक्याची आणि घरात चुलीचा धूर. मग आमचा पुतण्या आठवला. तो चार वर्षे गोव्यात, काणकोण तालुक्यातल्या पाळोळे किनाऱ्यावर एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. फोनवर म्हणाला, "काका, काकू, तुम्ही या. किनाऱ्यावर नाही परवडायचं, पण आत गावात खोली बघतो."

पैशांचा हिशेब आधी सांगतो, कारण आपल्या घरात पहिला प्रश्न तोच असतो. बाईने भिशीचे आणि पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे पैसे पाच वर्षे बाजूला ठेवले होते. ते घराच्या दुरुस्तीसाठी होते. दुरुस्ती एक वर्ष पुढे ढकलली. मुंबईच्या खोलीत मुलगी आणि जावई राहायला आले, त्यामुळे घर बंद पडले नाही. तिकडे खोली, छोटी मोरी आणि पडवीत स्वयंपाकाची जागा, असे भाडे महिना नऊ हजार. विजेचे वेगळे. डबा-बाटली, गॅसची लहान शेगडी, कुकर, पोळपाट-लाटणे सगळे बरोबर नेले. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, म्हणून तिकीट पूर्ण पडले.

चैत्यभूमीवर अभिवादन करून ८ डिसेंबरच्या रात्री आम्ही कोकणकन्या पकडली. दुसऱ्या दिवशी मडगावला उतरून कदंबची बस धरली. करमल घाटाची झाडी उतरली की काणकोण येते. हा गोव्याचा अगदी दक्षिणेकडचा तालुका. पुढे पोळेची हद्द आणि मग कारवार. चावडी हे बाजाराचे ठिकाण. २०११ च्या जनगणनेत सगळ्या काणकोण शहराची वस्ती बारा हजारांच्या आसपास होती. म्हणजे आपल्या मुंबईतल्या एखाद्या मोठ्या वसाहतीएवढे हे गाव! पाळोळ्याची चौपाटी तिथून दोन-तीन किलोमीटर. अर्धचंद्रासारखी वाळू, मागे माड, आणि उत्तर टोकाला एक लहान बेट. ओहोटीला पाणी उतरले की त्या बेटावर चालत जाता येते.

पण पहिल्याच दिवशी तोंड कडू झाले. पुतण्याने ठरवलेल्या खोलीच्या घरमालकांनी पाणी दिले, गाव विचारले, आणि मग आडनाव विचारले. आडनावावरून उलगडा होईना, तेव्हा "म्हणजे तुम्ही कोण?" असे विचारले. यजमानांनी सरळ सांगितले, "आम्ही बौद्ध." मालक आत गेले. बाहेर आले ते, खोली आधीच दुसऱ्यांना शब्द दिलेली आहे हे त्यांना आठवले होते! पुतण्या बिचारा खाली मान घालून उभा. तो म्हणाला, "काका, नुसतं मुंबईचे आहोत म्हणायचं होतं." यजमान म्हणाले, "अडीच महिने खोटं बोलून विसावा मिळतो का रे?"

बॅगा रस्त्यावर ठेवून आम्ही तासभर बसलो. परतीची गाडी धरावी असे बाईच्या मनात आले होते, हे कबूल करतो. मग पुतण्याच्या ओळखीच्या एका विधवा ख्रिस्ती बाईंच्या घरी गेलो. त्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला. त्यांनी "येयात, बसात" म्हटले. इथेही यजमानांनी न विचारताच सांगून टाकले. बाई म्हणाल्या, "बाय, भाडे महिन्याच्या पहिल्या तारखेला लागते, आणि विहिरीवर साबण नको." एवढ्या दोनच अटी. आम्ही खोली घेतली.

आता खरी अडचण सुरू झाली. रिकामे कसे बसायचे? पहिल्या आठवड्यात बाई पहाटे पाचला उठून घरमालकिणीचे अंगण झाडून टाकी. चौपाटीवर गेली तर पिशवी मांडीवर घट्ट धरून अशी बसे, जणू गाडी यायची आहे. यजमानही जाणाऱ्या-येणाऱ्यावर वॉचमनसारखी नजर ठेवीत. चाळीस वर्षे घड्याळाच्या ताब्यात गेलेले शरीर, त्याला मोकळे सोडले तर ते घाबरते.

त्यातून आम्हाला समुद्रानेच बाहेर काढले. समुद्राचेही घड्याळ असते, पण ते हजेरी लावणारे नव्हे. भरती दिवसातून दोनदा येते आणि दर दिवशी सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास पाणी खूप चढते आणि खूप उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आगेमागे चढउतार कमी, तो भांग. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते इथे अंगाला लागले. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे मतलई वारा समुद्राकडे जातो. पहाटे अंगावर चादर लागे, दुपारी अंगाला घाम येई. तिसऱ्या आठवड्यात यजमान रात्री सलग झोपू लागले. एक गोष्ट स्पष्ट सांगतो, छाती बरी झालेली नाही. हवा म्हणजे औषध नव्हे. पंप चालूच आहे आणि राहील. पण खोकल्याने जागी झालेली रात्र आणि झोपलेली रात्र यातला फरक ज्याने भोगला त्यालाच कळेल.

मात्र, झोपले कोण? यजमान. बाईचे काय चालले होते? सकाळी चहा, न्याहारी, दुपारी भात-हुमण, संध्याकाळी भाकरी, भांडी, धुणे. मुंबईत होते तेच, फक्त खिडकीतून माड दिसत होते. एके दिवशी घरमालकीण पोदेराकडून पाव घेताना सहज म्हणाली, "तुझे घरकार सुशेगाद आहेत. तू कधी होणार?" सुशेगाद म्हणजे निवांत. बाई खोलीत आली आणि रडली. यजमानांनी विचारले, काय झाले? ती म्हणाली, "तुम्ही विसाव्याला आलात. मी तुमच्या विसाव्याच्या नोकरीला आले."

त्या वाक्याने घरात दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी यजमान उठले आणि तांदूळ निवडायला बसले. गिरणीत रात्रपाळीला असताना खोलीवरचे बारा जण पाळीपाळीने रांधत, त्यांना स्वयंपाक येत होता. लग्न झाल्यावर ते विसरले होते इतकेच! मग ठरले. आठवड्याचे तीन दिवस चूल त्यांची, तीन दिवस बाईची, आणि एक दिवस पाव-केळी-चहावर भागवायचे, चूल बंद. आमचा खरा हवापालट त्या दिवशी सुरू झाला असे आम्ही दोघेही मानतो.

मोकळ्या झालेल्या वेळात बाईने काय काय पाहिले! दहा किलोमीटरच्या आत आगोंदचा किनारा आहे. तिथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्री अंडी घालायला येतात. वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालायची, वाळूने बुजवायची आणि परत जायचे. वनखात्याचे लोक त्या जागेला कुंपण घालून राखण करतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले निघतात आणि उजेडाच्या दिशेने चालू लागतात, म्हणून किनाऱ्यावर झगझगीत दिवे नकोत असे सांगतात. दिव्याला समुद्र समजून ती उलटी जमिनीकडे जातात. खोटा उजेड कुणाकुणाची वाट चुकवतो ते पाहा.

एके सकाळी रापण लागली होती. होडीने मोठे जाळे समुद्रात गोल टाकायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर वाढले तेव्हा गोव्यातल्या रापणकारांना आपल्या पोटासाठी मोठा लढा द्यावा लागला होता. आज रापणी कमी झाल्या आहेत. आम्हीही दोराला हात लावला. जाळे वर आल्यावर मासळीचे वाटे पडले. जाळ्याच्या मालकाचा वाटा मोठा, पण दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी मिळाले. आमच्याही पदरात एका म्हाताऱ्याने चार बांगडे टाकले. आम्ही नको म्हणालो तर तो रागावला. दोर ओढला ना? मग घ्या.

हा शब्द आमच्या डोक्यात राहिला, कारण रोज संध्याकाळी पुतण्या दिसत होता. पाळोळ्याच्या किनाऱ्यावर पावसाळा संपला की बांबू, फळ्या आणि झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात आणि पुढच्या पावसाच्या आधी मोडून ठेवतात. थंड देशांतले लोक तिथे महिना-महिना राहतात. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात त्या झोपडीचे एका रात्रीचे भाडे आमच्या पंधरा दिवसांच्या भाड्याएवढे. या सगळ्याचा दोर ओढतात ती माणसे नेपाळची, ओडिशाची, झारखंडची, कर्नाटकची, आणि आमच्या पुतण्यासारखी आपलीही. सकाळी आठपासून रात्री बारापर्यंत पोरगा चुलीपुढे. आम्ही त्याला विचारले, "बाळा, तुझी सुट्टी कोणत्या वारी?" तो हसला. "काकू, सीझनमध्ये सुट्टी नसते. मे महिन्यात झोपड्या मोडल्या की सुट्टीच सुट्टी, पण बिनपगारी." अडीच महिन्यांत तो आमच्याबरोबर एकदाही पाण्यात उतरला नाही. लोकांच्या सुट्टीचा गाव, आणि तिथे राबणाऱ्याला सुट्टी नाही!

त्याच हॉटेलात इंग्लंडचे एक वृद्ध जोडपे होते. पंधरा-सोळा हिवाळे येत आहेत. आम्हाला वाटले होते, मोठे कारखानदार असतील. पुतण्याने बोलणे समजावून सांगितले तर ते निघाले बसचे निवृत्त ड्रायव्हर, आणि त्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. म्हणजे आमचेच भाऊबंद! तिकडे डिसेंबरात दुपारी चारच्या आतबाहेर अंधार पडतो, हाडे दुखतात, घर तापवायचा खर्च फार, म्हणून वर्षभर साठवून इकडे येतात. पेन्शन आहे. नोकरीत असतानाही दर साली रजा मिळे. ब्रिटनमध्ये आठवड्याचे पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला २८ दिवसांची पगारी रजा कायद्याने आहे. त्यांनी विचारले, "तुम्ही दर वर्षी कुठे जाता?" आम्ही उत्तर दिले, "हे पहिलेच." ते बराच वेळ गप्प बसले.

त्या रात्री यजमानांनी एक गोष्ट सांगितली, ती गिरणीतल्या जुन्या युनियनवाल्यांकडून त्यांनी ऐकलेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्या कारकिर्दीत १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यातल्या कामगाराला वर्षभराच्या नोकरीनंतर दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४६ साली कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणले गेले. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा असा हिशेब आला. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हटले, संघटित व्हा म्हटले, हे आपण रोज म्हणतो. पण कामगाराने पगारासकट विश्रांती घ्यावी यासाठीही त्यांनी कायदा केला, हे आपण किती वेळा आठवतो? यजमान म्हणाले, "मी गिरणीत असताना ती रजा दर साली विकून पैसे घेतले. एकदाही भोगली नाही." विकली, कारण पोरांच्या फिया होत्या, यात त्यांचा दोष नाही. पण रजा ही मालकाची मेहेरबानी नव्हे, आपल्या घामाचा वाटा आहे, हे तेव्हा कुणी सांगितले असते तर निदान एखाद्या साली चार दिवस तरी ते आईला घेऊन कुठे गेले असते. आई गेली, तिने समुद्र पाहिला तो ६ डिसेंबरचाच.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही परतलो. घरमालकीण स्टँडवर आली. कोकमाची सोले आणि खोल्याच्या तांबड्या मिरच्यांची पुडी तिने दिली. बाईने तिला आपल्या हाताने शिवलेली गोधडी दिली. "पुढच्या साली खोली ठेवू?" असे तिने विचारले. आम्ही हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. घराची दुरुस्ती आधी करायची आहे.

वाचकहो, प्रत्येकाला अडीच महिने जमणार नाहीत, हे आम्हाला कळते. पण आठ-पंधरा दिवस जमू शकतात. दोन कुटुंबांनी मिळून खोली घ्यावी. चौपाटीपासून आत गावात राहावे, स्वतः रांधावे. नाताळ-नववर्षाचा आठवडा टाळावा. भाडे आणि विजेचे आधी बोलून घ्यावे. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुरेशी न्यावी. काणकोणसारख्या ठिकाणी सरकारी आरोग्य केंद्र असते, ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे. तांबडा बावटा लावलेला असेल तर गुडघाभर पाण्यातही उतरू नये. पाणी वरून शांत दिसले तरी खालचा ओढ माणसाला आत नेतो. जीवरक्षक सांगेल ते ऐकावे. आडनाव विचारले तर खरे सांगावे. एक दार बंद झाले तर दुसरे ठोठावावे.

आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, चुलीची पाळी घरून निघण्याआधीच लावून घ्यावी. नाहीतर एकाचा हवापालट होतो आणि दुसरीची फक्त चूल बदलते.

आमच्याकडे ती पाळी मुंबईत आल्यावरही चालू आहे. शेजारचे यजमानांना हसतात, ते हसू द्या. पुतण्याचे मात्र मनाला लागून राहिले आहे. परवा फोनवर त्याने सांगितले, स्वयंपाकघरातल्या नऊ जणांनी मिळून मालकांकडे आठवड्यातून अर्धा दिवस सुट्टी मागितली आहे. मालक अजून हो म्हणालेले नाहीत. नऊही जणांनी एकत्र जाऊन मागितली, एकेकट्याने नाही. काय होते ते पुढच्या लेखात कळवू.

जयभीम.